चिलखत सैनिकाला, मग वेलीखालच्या बाईला काय?

अंगावर चढवायचं यंत्र दिसलं की मराठी बातमी त्याला ‘रोबोटिक सूट’ म्हणते, मराठी विज्ञानकथा ‘चिलखत’ म्हणते आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातून आलेला अनुवादक ‘बाह्यकंकाल’ म्हणतो. अमेरिकी कॉमिकमधला उडणारा नायक, जपानी मालिकेतला १८ मीटर उंचीचा यंत्रमानव, कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णाला उभं करणारी मोटारीची चौकट आणि कारखान्यातल्या कामगाराचा खांदा उचलून धरणारं स्प्रिंगचं जाकीट, अशा चार अगदी वेगळ्या वस्तू या तीन शब्दांत कशाही वाटल्या जातात. हा गोंधळ आता परवडणारा नाही, असं मला वाटतं. ही यंत्रं कथेतून बाहेर पडून कारखान्यात, दवाखान्यात आणि फळबागेत पोचली आहेत. नाशिक जिल्ह्यात हजारो माणसं वर्षातले कित्येक महिने हात वर धरून किंवा पाठीवर गोणी घेऊन काम करतात. इथे ही यंत्रं येतील तेव्हा ती कोणत्या नावाने येतात, यावर त्यांच्याकडून आणि ती घालणाऱ्यांकडून काय मागितलं जाईल, हे बरंचसं ठरेल.

विज्ञानकथेतली मूळची नावं कुठून आली, ते आधी पाहू. १९३७ साली ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळयुद्धाच्या कथामालेत नायक स्वतःची शक्ती असलेलं जड चिलखत घालून लढताना दिसतो. पण या कल्पनेला आजचं रूप दिलं ते रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीने. त्यातलं पायदळ जो पोशाख घालतं त्याचं यांत्रिक वर्णन आजही अभियंत्याला पटेल असं आहे. आतला माणूस हलला की पोशाखातले संवेदक त्याच्या अंगाचा दाब ओळखतात, पोशाख त्याच दिशेने पण कितीतरी अधिक जोराने हलतो आणि अंगावरचा दाब पुन्हा शून्याकडे येतो. चालवायला शिकावं लागत नाही, कारण तो चालवायचा नसतोच, घालायचा असतो. हाइनलाइन यांनी वापरलेलं नाव मात्र साधं होतं: शक्ती असलेला सूट. चिलखत हा त्या सूटचा एक गुण होता. त्याचं मुख्य काम होतं शरीराचं बळ वाढवणं.

पुढच्या लेखकांनी आणि चाहत्यांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या. व्हिएतनाममध्ये प्रत्यक्ष लढून आलेल्या जो हॉल्डमन यांनी १९७४ साली त्याच धर्तीच्या पोशाखाला सरळ ‘लढाईचा सूट’ म्हटलं, आणि तो घालणाऱ्याची दुःखं लिहिली. त्याआधी १९६३ साली कॉमिकमध्ये ‘आयर्न मॅन’ आला होता. त्याच्या बाबतीत एक गोष्ट आपण विसरतो. त्याच्या छातीवरचं यंत्र सुरुवातीला शस्त्र नव्हतंच. हृदयाजवळ घुसलेल्या धातूच्या कपच्यांपासून त्याला जिवंत ठेवणारं ते उपचाराचं साधन होतं. ज्याच्या छातीवरचं यंत्र काढलं तर तो मरेल अशा रुग्णाची ही गोष्ट होती. नावात मात्र लोखंड राहिलं आणि रुग्ण पुसला गेला. नाव वस्तूची कोणती बाजू उजेडात ठेवतं आणि कोणती अंधारात ढकलतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जपानमध्ये गोष्ट आणखी वळली. हाइनलाइन यांच्या पोशाखापासून स्फूर्ती घेऊन १९७९ साली ‘गंडम’ ही मालिका आली. तिच्यातल्या यंत्रांना ‘मोबाइल सूट’ म्हणतात. पण तो सूट अंगावर चढत नाही. त्याच्या छातीत खुर्ची आहे, खुर्चीत चालक बसतो आणि कळा दाबतो. म्हणजे ‘सूट’ हा शब्द राहिला आणि घालणं संपलं. जपानी वाचकाला यात अडचण येत नाही, कारण त्याच्याकडे बसायच्या यंत्रांसाठी ‘मेका’ हा वेगळा शब्द आहे, अंगावर घालायच्या पोशाखासाठी ‘पॉवर्ड सूट’ आहे, आणि कुठला शब्द कुठल्या घराण्यातून आला हे त्याने पन्नास वर्षं वाचत-पाहत आत्मसात केलं आहे. आपल्याकडे ही सगळी घराणी डबिंग केलेल्या चित्रपटांतून एकदम, एकाच पिढीत, एकमेकांत मिसळून आली. फरक करायला आपल्याला वेळच मिळाला नाही.

या सगळ्या परंपरेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८६ सालच्या ‘एलियन्स’ या चित्रपटातला लोडर. नायिका त्यात शिरून राक्षसाशी झुंजते म्हणून तो प्रसिद्ध झाला, पण चित्रपटात ते यंत्र गोदामातलं आहे. माल उचलायला ठेवलेलं, पिवळ्या रंगाचं, आणि ते चालवायचं प्रशिक्षण असलेली कामगार बाई त्यात उभी राहते. त्याचं नाव त्याच्या कामावरून पडलं आहे. ना चिलखत, ना सूट, भार उचलणारं ते लोडर. विज्ञानकथेच्या कोठारात असा एक तरी शब्द आहे जो रणांगणावरून आलेला नाही, हमालखान्यातून आला आहे. मराठीने आपल्या परिभाषेचा धागा इथे पकडावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण युद्धाच्या पोशाखाची शब्दसंपत्ती मराठीत आधीच भरगच्च आहे, आणि तिचा ओढा फार जोराचा आहे. चिलखत, बख्तर, जिरेटोप, कवच. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अंगरख्याखाली घातलेलं चिलखत प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतं. चिलखत या शब्दाने मराठी मनात एक विशिष्ट चित्र उभं राहतं: वार होणार आहे, आणि आतला माणूस वीर आहे. आजच्या बातम्यांमध्ये रणगाड्यांच्या तुकड्यांना ‘चिलखती दल’ म्हणतात. देवळालीच्या तोफखाना केंद्रामुळे नाशिकच्या माणसाला सैन्याची भाषा नवी नाही. तो ‘चिलखती’ म्हटलं की जाड पोलादाची गाडी समजतो, आणि बरोबर समजतो. हा शब्द इतका नेमका आहे की तो सैल करणं म्हणजे त्याचं नुकसान आहे. मार अडवणाऱ्या यंत्रपोशाखाला ‘यंत्रचिलखत’ म्हणा. तो शब्द स्वच्छ आहे, बोलता येतो, आणि त्यातून पोलाद आणि मोटार दोन्ही कळतात. पण जे मार अडवत नाही त्याला चिलखत म्हणू नका.

‘कवच’ थोडं वेगळं आहे. कर्णाचं कवच जन्मतः अंगाचंच होतं. इंद्राला देण्यासाठी ते अंगावरून कापून काढावं लागलं. घालता-काढता येतं ते चिलखत, अंगाशी एकजीव झालेलं ते कवच, हा भेद आपल्या कथांनीच करून ठेवला आहे. ज्या विज्ञानकथेत यंत्र शरीराच्या आत रुजतं, मज्जातंतूंशी जोडलं जातं आणि काढणं म्हणजे शस्त्रक्रिया ठरते, तिथे ‘कवच’ शोभेल. इतका चांगला भेद हाताशी असताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने खर्च करणं ही उधळपट्टी आहे.

आता ‘बाह्यकंकाल’. खेकडा, झुरळ, विंचू यांच्या शरीराबाहेरच्या टणक आवरणाला हा शब्द आहे आणि तिथे तो बरोबर बसला आहे. इंग्रजीने तोच शब्द यंत्राला दिला म्हणून आपणही द्यावा असं मात्र नाही. खेकड्याचे स्नायू त्या आवरणाला आतून चिकटलेले असतात. त्याला दुसरा सांगाडाच नसतो. यंत्र घालणाऱ्या माणसाला स्वतःची हाडं असतात, आणि यंत्राचं काम असतं त्या हाडांवरचा भार दुसऱ्या वाटेने जमिनीपर्यंत नेणं. शिवाय ‘कंकाल’ हा शब्द ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रेत येतं. अपघातात पाय लुळे पडलेल्या मुलाच्या आईला ‘आम्ही याला बाह्यकंकाल लावणार आहोत’ असं सांगून पाहा. ‘बाह्यसांगाडा’ त्यापेक्षा बरा. तांत्रिक लेखात, जिथे पायापर्यंत भार नेणारी संपूर्ण चौकट आहे, तिथे तो चालेल. ‘एक्झोस्केलेटन’ हा मूळ शब्द देवनागरीत लिहिला तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती एकच शब्द सगळ्यांच्या गळ्यात बांधण्याला.

नावाने केलेल्या नुकसानीचा इतिहासही आहे. १९६५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डिमन’ नावाचा यंत्रपोशाख बनवायला घेतला. माणसाने तो घालून ६८० किलो वजन सहज उचलावं असा बेत होता. यंत्राचं स्वतःचं वजनही जवळपास तेवढंच भरलं. पूर्ण यंत्र सुरू करायचा प्रयत्न केला की ते अनावर झटके देई, त्यामुळे माणसाला आत घालून ते कधीच पूर्ण चालवलं गेलं नाही. १९७१ च्या सुमारास काम थांबलं तेव्हा एकच हात नीट चालत होता. मग २०१३ साली अमेरिकी विशेष सैन्यदलांनी ‘टॅलोस’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. गोळी अडवणारं, बळ देणारं, माहिती दाखवणारं असं सगळं एकाच पोशाखात हवं होतं. साऱ्या जगाने त्याला ‘आयर्न मॅन सूट’ म्हटलं. २०१९ मध्ये तो पोशाख युद्धात उतरवण्याजोगा नाही असं मान्य करून प्रकल्प गुंडाळला गेला. त्यातून सुटे तुकडे उपयोगी निघाले, पण ज्या नावाने तो विकला गेला होता त्या नावापुढे ते तुकडे अपयशच दिसले. कथेतल्या नावाने वास्तवातल्या यंत्रावर असं अशक्य ओझं टाकलं.

त्याच काळात, गाजावाजा न होता, दुसरी यंत्रं कामाला लागली होती. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून बेलग्रेडच्या मिखाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच आणि त्यांचे सहकारी पक्षाघाताच्या रुग्णांना चालवणाऱ्या चौकटी बनवत होते. जपानमध्ये योशियुकी सांकाई यांच्या प्रयत्नातून स्नायूंकडे जाणारे विद्युत्‌संकेत त्वचेवरून टिपून पायांना साथ देणारा पोशाख तयार झाला. (त्याचं नाव ‘हॅल’. नाशिकमध्ये एचएएल म्हटलं की ओझरचा विमानांचा कारखाना आठवतो. कंपनीने दिलेल्या नावावर परिभाषा उभी करता येत नाही, ती अशासाठी.) २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाठीचा कणा दुखावलेल्यांना घरी वापरता येईल अशा ‘रीवॉक’ या चालण्याच्या यंत्राला परवानगी दिली. यातलं एकही यंत्र चिलखत नाही. कुणाशी लढायचं नाही, कुठला वार अडवायचा नाही. उभं राहायचं आहे.

आणि इथे मराठीकडे स्वतःचं घराणं आहे, हे आपण पाहिलेलंच नाही. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांना लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा जो आधार लावतात त्याला महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ‘कॅलिपर’ म्हणतात. दोन-तीन पिढ्या हा शब्द जिभेवर आहे. १९६८ पासून ‘जयपूर फूट’ घराघरात माहीत झाला. पाठ दुखत असलेल्या प्रत्येकाकडे ‘कमरेचा पट्टा’ असतो. अंगावर घालून शरीराचा भार वाटून घेणाऱ्या साधनांची ही परंपरा आपल्या घरात आहे, आणि तिच्यात कोणी वीर नाही, कोणी राक्षस नाही. पाय हलवणाऱ्या मोटारीच्या चौकटीला ‘मोटारीचं कॅलिपर’ म्हटलं तर चांदवडच्या एखाद्या वाडीतल्या आजीलाही कळतं की ते कुणासाठी आहे, काय करतं आणि ते कुणाकडे मागायचं. केंद्र सरकारची दिव्यांगांना साधनं देणारी ‘एडीआयपी’ योजना १९८१ पासून आहे. व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र हे त्या जगातले शब्द. नवं यंत्र त्या ओळखीच्या रांगेत उभं राहिलं तर ते हक्काचं साधन ठरतं. ‘रोबोटिक सूट’ म्हणून आलं तर चैन ठरतं, प्रदर्शनात मंत्र्यांपुढे एकदा चालवून दाखवलं जातं आणि कपाटात जातं.

नाशिककरांना मुद्दाम सांगावं असं वाटतं ते द्राक्षबागेबद्दल. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढे काही आठवड्यांत घड निघतात आणि मांडवाखालचं खरं काम सुरू होतं. फेलफुटी म्हणजे घड न आलेल्या फुटी काढणं, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाच्या) द्रावणात बुडवणं म्हणजे डिपिंग, मग मण्यांची विरळणी. दिंडोरी, निफाड, चांदवड या भागात पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. घड डोक्याच्या पातळीला किंवा त्याच्याही वर. एका हाताने घड सावरायचा, दुसऱ्या हाताने कात्री चालवायची, मान मागे टाकलेली, दिवसभर. हात नुसता वर धरणं हेच किती मोठं काम आहे, हे ज्याने घराच्या छताला रंग दिला असेल त्याला कळेल. रात्री खांदे उशीला टेकवता येत नाहीत. या दुखण्याची गणती कुठल्याही निर्यातीच्या आकड्यांत होत नाही.

याच कामासाठी जपानमधल्या कुबोटा या शेती-अवजारांच्या कंपनीने एक साधन काढलं. तिकडेही द्राक्षं आणि नाशपती मांडवावर घेतात, शेतकरी म्हातारे होत चालले आहेत आणि हात वर धरवत नाहीत. पाठीवर दप्तरासारखं बांधायचं, दंडांखाली आधार येतो, हात वर गेला की तो तिथेच तोलून धरला जातो आणि भार कमरेवर उतरतो. बॅटरी नाही, मोटार नाही. अशाच जातीची स्प्रिंगची जाकिटं मोटारींच्या कारखान्यांतही आली. २०१८ मध्ये फोर्डने सात देशांतल्या १५ कारखान्यांत, गाडीच्या खाली उभं राहून वर हात करून काम करणाऱ्या कामगारांना ती दिली. अंबड-सातपूरच्या पट्ट्यात ज्यांनी उमेदीची वर्षं असेम्ब्लीच्या रांगेत काढली आहेत त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको.

या साधनाचं मराठी नाव काय? ‘सूट’ म्हटलं तर शेतकरी आधी विचारेल बॅटरी किती चालते. ‘शक्तिवर्धक पोशाख’ म्हटलं तर ते सरळ खोटं आहे, कारण ते बळ वाढवत नाही. ते भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतं. खांद्यावरचं कमरेवर गेलं, नाहीसं झालं नाही. आणि हे खोटं निष्पाप नाही. विरळणीचं काम बहुतेक ठिकाणी उक्तं असतं, एकरी ठरवलेलं. ‘बळ वाढवणारं यंत्र दिलंय’ असं एकदा नाव पडलं की मुकादम त्याच टोळीकडून जास्त एकर मागणार. जे साधन दुखणं कमी करायला आलं ते काम वाढवायला वापरलं जाईल. ‘खांदेआधार’ असं नाव दिलं तर मागणी आधाराची राहते. म्हणून मी हट्ट धरतो की मोटार नसलेल्या साधनाच्या नावात ‘बळ’ किंवा ‘शक्ती’ येताच कामा नये. तिथे ‘आधार’ किंवा ‘पट्टा’ हेच शब्द हवेत: खांदेआधार, पाठपट्टा, कमरपट्टा. मोटार असेल, बाहेरून ऊर्जा येत असेल तरच ‘बळसूट’. ‘सूट’ हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. त्याला ‘बळ’ जोडल्याने भाषा बाटत नाही.

लासलगावच्या खळ्यावर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. कांद्याची गोणी पन्नास किलोच्या आसपास, ती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, थप्पी लावायची, पुन्हा खाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहून न्यायच्या ओझ्याची ५५ किलो ही मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला तो याच पाठी-खांद्यांसाठी लढून. उद्या मोटारीचा पाठसूट आला तर कोणीतरी म्हणणारच: आता गोणी सत्तर किलोची करायला काय हरकत आहे? हरकत अशी की यंत्र बंद पडतं, बॅटरी उतरते, पट्टा सैल होतो आणि फळीवर मधोमध उभ्या माणसाच्या गुडघ्यात सत्तर किलो एकदम येतात. ओझ्याची मर्यादा यंत्र न घातलेल्या शरीराला धरूनच राहिली पाहिजे. विज्ञानकथेतल्या नावांनी आपल्याला शिकवलं आहे की पोशाख घातला की माणूस दहापट होतो. कायदा लिहिताना हे चित्र डोक्यात असणं धोक्याचं आहे.

काही जण म्हणतील, नावं ठरवणारे आपण कोण, वापराने ठरू द्या. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण समित्यांनी बनवलेले असंख्य शब्द कोशात पडून आहेत. पण वापर आपोआप होत नसतो. कोणीतरी पहिल्यांदा वापरतं, आणि तो शब्द वाचकाला कामाचा वाटला तर टिकतो. भगूरला जन्मलेल्या सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आज आपण विचार न करता लिहितो. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ ही होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ती टोपणनावाने पाठवली. कोशात शोधावा लागणारा तसा शब्द कथेतून आला की वाचकाच्या ओळखीचा होतो. २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा विज्ञानकथा मराठीच्या मुख्य ओसरीवर आली असं अनेकांना वाटलं. मलाही वाटलं. मग त्या ओसरीवर बसून करायच्या कामांपैकी हे एक आहे. शासकीय परिपत्रकापेक्षा दहा चांगल्या कथा हे काम अधिक नीट करतील.

दुसरा आक्षेप लेखकांकडून येतो: कथेत नावाने काय फरक पडतो, वाचकाला गोष्ट हवी असते. विज्ञानकथेत तरी हे खरं नाही. वाचकाने ती वस्तू कधी पाहिलेली नसते. नाव हाच त्याचा पहिला स्पर्श असतो. ‘त्याने चिलखत चढवलं’ असं लिहिलं की पुढच्या ओळीत शत्रू यावाच लागतो. तो आला नाही तर वाचक फसल्यासारखा होतो. ‘तिने खांदेआधार बांधला’ असं लिहिलं की पुढे वेगळे प्रश्न येतात. तो आधार कुणाच्या मालकीचा? टोळी गावाला परतताना तो जमा करायचा का? पुरुषी मापाने बनवलेल्या साधनाचे पट्टे तिच्या छातीवर काचतात त्याचं काय? हा काच कल्पनेतला नाही. अशा साधनांची मापं बायकांच्या शरीराला नीट बसत नाहीत ही जगभरची तक्रार आहे. अंगावर पीक-औषध उडालेला पट्टा दुसऱ्या दिवशी दुसरी बाई घालणार असेल तर तो धुणार कोण? यातल्या प्रत्येक प्रश्नात एक कथा आहे, आणि ती इतर कुठल्याही भाषेतल्या विज्ञानकथेत सापडणार नाही. चिलखताच्या शब्दाने हे दार बंद करून ठेवलं आहे.

बसायच्या महायंत्रांबद्दल फार बोलायला नको. ज्यात माणूस शिरतो, बसतो आणि कळांनी चालवतो ते ‘मेका’. जपानी शब्द तसाच घ्यावा. लहान मुलं तो वापरतातच. अंगावर चढतं ते मेका नव्हे, आणि मेका हा पोशाख नव्हे, एवढं पाळलं तरी पुरे.

माझ्या या शब्दांपैकी काही टिकणार नाहीत, हे उघड आहे. बळसूट कदाचित कुणाला ओबडधोबड वाटेल. पण तीन भेद तरी टिकावेत असा माझा आग्रह आहे: मार अडवतं की नाही, बाहेरची ऊर्जा घेतं की नाही, आणि अंगावर चढतं की माणूस त्यात बसतो. बातमी लिहिताना हे तीन प्रश्न विचारायला कुठल्याही उपसंपादकाला दोन मिनिटं लागत नाहीत. अनुवादकाने आणि डबिंगचे संवाद लिहिणाऱ्यानेही ते विचारावेत, कारण आज मुलांच्या कानावर हे शब्द सर्वांत आधी तिथूनच पडतात.

आणि द्राक्षबागायतदारांना एक विनंती. ही साधनं जिल्ह्यात आली, एखाद्या कंपनीने किंवा कृषी विभागाने चाचणीला दिली, तर ती मालकाच्या अंगावर चढवून छायाचित्र काढू नका. डिपिंगपासून विरळणी संपेपर्यंत, पूर्ण हंगाम, टोळीतल्या बायांना वापरू द्या. उक्त्याचा दर आणि एकरांची संख्या तीच ठेवा. हंगाम संपल्यावर खांदा कमी दुखला का, कंबर जास्त दुखली का, कुठे काचलं, हे त्यांना विचारून लिहून घ्या. आणि त्या आपसांत त्या वस्तूला काय म्हणत होत्या, तेही लिहून घ्या. तो शब्द माझ्या शब्दापेक्षा वेगळा निघाला, तर कोशात त्यांचाच घालावा.